पदवीच्या कागदावरचे नाव

बारावीचे आणि पाठोपाठ बी.ए., बी.एस्सी.चे निकाल लागले, की आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांच्या घरी माणसे येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो. 'सर, मुलीला मुंबई-पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात घालावे, की इथल्याच विद्यापीठात राहू द्यावे?' 'मोठ्या' म्हणताना आवाज जरा चढतो आणि 'इथल्याच' म्हणताना उतरतो, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. दोन्ही विद्यापीठे सरकारीच. फीमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. फरक आहे तो नावाचा, अंतराचा आणि खोलीभाड्याचा.

कोणत्या पदवीला किती पगार मिळतो हे सांगणारे सल्लागार आता तालुक्याच्या गावीही आहेत. ते काम मी करणार नाही. माझा विषय इतिहास. त्यामुळे मला आधी एक वेगळाच प्रश्न पडतो, की आपल्याकडे एखादे विद्यापीठ 'मोठे' आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय मोठे असते? त्याचे उत्तर शोधायला दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

१८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून आला. हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत असे त्यात होते, आणि नमुना म्हणून समोर ठेवले होते लंडन विद्यापीठ. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज नव्हे. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले. १८३६ साली सनद मिळालेले लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः कोणाला काही शिकवीत नसे. शिकवण्याचे काम निरनिराळी महाविद्यालये करीत. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. याच साच्यात १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. उत्तरेत उठाव पेटलेला होता, दिल्ली अजून इंग्रजांच्या हाती परत आलेली नव्हती, आणि इकडे मुंबईत परीक्षांची तयारी चालली होती. इंग्रजांच्या स्वभावाचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

या विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. कारभार चाले टाऊन हॉलमधून, म्हणजे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय जिथे आहे त्या पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीतून. दीक्षान्त सभागृह उभे राहिले १८७४ साली. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने बांधवलेला राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली. तोवर विद्यापीठ म्हणजे एक कचेरी, काही नियम आणि परीक्षांचे वेळापत्रक. वर्ग नाहीत, फळा नाही, पगारी प्राध्यापक नाही. आणि तरीही नकाशावर पाहिले तर हे विद्यापीठ अवाढव्य! कराचीतले महाविद्यालय त्याचे, अहमदाबाद-भावनगरचे त्याचे, पुण्याचे आणि कोल्हापूरचे त्याचे, पुढे धारवाडचेही त्याचेच.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, ते फक्त चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचे चार पदवीधर. रानडे आणि भांडारकर घडले ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या वर्गांत आणि ग्रंथालयात, विद्यापीठाशी त्यांची गाठ पडली ती परीक्षेच्या मांडवात. हे लक्षात ठेवायला हवे, कारण एल्फिन्स्टनची गोष्ट मला पुढे पुन्हा सांगायची आहे.

मग त्या काळचा विद्यार्थी निवड कशाची करी? विद्यापीठाची नाहीच, करायची म्हटली तरी दुसरे होते कुठे? तो निवडी महाविद्यालय. १८८७ साली मॅट्रिक झालेल्या मोहनदास गांधी नावाच्या काठेवाडी मुलापुढे मुंबई आणि भावनगर असे दोन पर्याय होते. भावनगरचे सामळदास महाविद्यालय स्वस्त पडणार होते, म्हणून तो तिकडे गेला. आपल्या आत्मचरित्रात त्यांनीच हे कारण दिले आहे. तिथे त्यांचे मन रमले नाही आणि एका सत्रातच ते घरी परतले, ही गोष्ट वेगळी. पण मुंबईला गेले असते तरी परीक्षा त्याच विद्यापीठाची दिली असती. लहान गावचे स्वस्त महाविद्यालय की मोठ्या शहरातले महागडे, हा हिशेब तेव्हाही घराघरांत होत होता. पदवीवरचे नाव मात्र दोन्हीकडे एकच.

या साच्याची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली. 'परीक्षा घेणारा कारखाना' असे आजही म्हणतात. मला मात्र त्याची एक बाजू महत्त्वाची वाटते. परीक्षक लांबचा असे. धारवाडच्या मुलाचा पेपर तपासणाऱ्याला त्याचा बाप कोण, जात कोणती, घर कोणत्या आळीत, हे काही ठाऊक नसे. ज्या समाजात या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणी पाणीही देत नव्हते, तिथे केवळ आसनक्रमांकावर माणसाची पारख होणे ही लहान गोष्ट नव्हती. मोठ्या विद्यापीठाचा हा गुण आपण फार लवकर विसरतो.

त्याचा दोषही त्याच अंतरातून येई. शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. वर्गात शिक्षकाला एखादी नवी गोष्ट सुचली तरी ती सांगून उपयोग काय, परीक्षेत ती येणार नसे. मुलेही मग विचारीत, 'सर, हे पोर्शनमध्ये आहे का?' हा प्रश्न ज्या शिक्षकाने ऐकला नाही, तो आपल्या देशात शिक्षकच नाही म्हणायचे.

या मोठ्या छत्राखालून बाहेर पडून लहान विद्यापीठ काढण्याचे पहिले धाडस आपल्याकडे केले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी, १९१६ साली. स्त्रियांसाठी, मातृभाषेतून शिकवणारे विद्यापीठ. सुरुवातीला विद्यार्थिनी पाच. ते सरकारी नव्हते आणि त्याच्या पदवीला सरकारमान्यता नव्हती. तिथली पदवी 'जी.ए.', म्हणजे गृहीतागमा. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झालेली मुलगी आणि कर्व्यांकडची जी.ए. झालेली मुलगी यांत नोकरीच्या बाजारात कोणाला भाव होता, हे सांगायला नको. तरीही वडीलधाऱ्यांनी मुली तिथे पाठवल्या, कारण त्या घरांपुढे दोन विद्यापीठे नव्हतीच. पर्याय होता तो हे विद्यापीठ किंवा स्वयंपाकघर. विशेष म्हणजे मुंबईच्या पहिल्या चार पदवीधरांतले, त्याच विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवलेले डॉ. भांडारकर या चिमुकल्या विद्यापीठाच्या पाठीशी उभे राहिले. १९२० साली ठाकरसी कुटुंबाची पंधरा लाखांची देणगी मिळाली आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. कायद्याने दर्जा मिळायला मात्र स्वातंत्र्य यावे लागले.

सरकारी विद्यापीठांपुरते बोलायचे तर लहान की मोठे हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो बंगालमध्ये. तिथली हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण इतक्या ठळकपणे ती दुसरीकडे कुठे दिसत नाही.

कलकत्ता विद्यापीठ आपल्या मुंबईसारखेच १८५७ चे, पण विद्यार्थ्यांच्या संख्येने कितीतरी फुगलेले. त्याचे काय करावे हे पाहण्यासाठी १९१७ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९१९ साली त्याचा तेरा खंडांचा अहवाल आला. त्यातला सूर असा होता, की एका विद्यापीठाने एवढा पसारा सांभाळू नये. विद्यापीठाने स्वतः शिकवावे, विद्यार्थ्यांनी शक्यतो आवारातच राहावे आणि शिक्षकाला आपला अभ्यासक्रम ठरवता यावा. या विचाराचे पहिले मोठे फळ म्हणजे ढाका विद्यापीठ. १ जुलै १९२१ रोजी ते सुरू झाले तेव्हा तिथे विद्यार्थी ८७७ आणि शिक्षक ६०. ढाका महाविद्यालय आणि जगन्नाथ महाविद्यालय यांनी आपले पदवीचे वर्ग या विद्यापीठाला देऊन टाकले. पूर्व बंगालमधली बाकीची महाविद्यालये कलकत्त्याकडेच राहिली. वंगभंग रद्द झाल्यावर पूर्व बंगालच्या मुसलमानांची जी निराशा झाली होती, तिच्यावरचा उतारा म्हणूनही या विद्यापीठाकडे पाहिले गेले आणि कलकत्त्याच्या भद्रलोकांनी त्याला नाकेही मुरडली. लहान विद्यापीठाला नावे ठेवण्याची चाल अशी जुनी आहे.

त्याच १९२१ साली दोन तरुण प्राध्यापकांनी उलटसुलट दिशांनी प्रवास केला. सर्वपल्ली राधाकृष्णन म्हैसूरच्या अवघ्या पाच वर्षांच्या विद्यापीठातून कलकत्त्याला आले, तत्त्वज्ञानाच्या मानाच्या अध्यासनावर. आणि सत्येंद्रनाथ बोस कलकत्ता सोडून ढाक्याला गेले, पदार्थविज्ञानाचे रीडर म्हणून. एकाने लहान सोडून मोठे धरले, दुसऱ्याने मोठे सोडून लहान. दोघांचेही भले झाले.

बोस यांचे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. ढाक्याला ते एम.एस्सी.च्या मुलांना नवे पुंजविज्ञान शिकवीत. प्लांकचा नियम वर्गात सिद्ध करून दाखवताना त्यांना जुन्या मांडणीतली विसंगती डाचू लागली. तिच्यावर विचार करता करता त्यांनी स्वतःचीच नवी रीत काढली आणि १९२४ साली तो निबंध थेट आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. आज जगभर 'बोसॉन' हा शब्द वापरतात तो या माणसाच्या नावावरून. मोजक्या मुलांचा वर्ग, शिकवायचे काय ते ठरवण्याची मोकळीक, आणि परीक्षकाची धास्ती नाही. 'हे पोर्शनमध्ये आहे का' असे त्या वर्गात कोणी विचारले असते तर उत्तर देणारा स्वतःच पोर्शन ठरवणारा होता. एवढ्याने कोणी बोस होत नाही हे उघड आहे. पण वर्गातल्या शंकेतून संशोधन निघायला अशी जागा सोयीची असते, हे मात्र खरे.

मग ढाका श्रेष्ठ आणि कलकत्ता कनिष्ठ असे म्हणायचे का? तसेही म्हणता येत नाही. आशुतोष मुखर्जींनी कलकत्त्याच्या त्या अवाढव्य देहातच पदव्युत्तर विभाग उभे केले आणि देशभरातून माणसे गोळा केली. सी. व्ही. रामन तिथे प्राध्यापक होते. आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे डॉ. भांडारकरांचे चिरंजीव, १९१७ पासून १९३६ पर्यंत तिथे प्राचीन भारतीय इतिहासाचे कार्मायकेल प्राध्यापक होते. त्यांच्यासारखी अध्यासने, ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्या परवडायला विद्यापीठ मोठेच लागते. सत्येंद्रनाथ बोसही १९४५ साली कलकत्त्याला परत गेले.

मुंबईनेही उशिरा का होईना, असाच मार्ग धरला. १९१९ साली विद्यापीठाने अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे स्वतःचे विभाग काढले. समाजशास्त्राची सुरुवात पॅट्रिक गेडिस यांनी केली आणि १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग सांभाळला. मालवणच्या या माणसाच्या हाताखालून इरावती कर्वे गेल्या, एम. एन. श्रीनिवास गेले, अक्षयकुमार देसाई गेले. विद्यापीठ सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेले, पण हा विभाग म्हणजे एक प्राध्यापक आणि त्याच्याभोवतीचे थोडे विद्यार्थी. म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटात एक लहान विद्यापीठ नांदत होते. माझ्या मते आपल्या मोठ्या विद्यापीठांचे जे काही नाव झाले, ते अशा पोटातल्या लहान विद्यापीठांमुळे झाले. संलग्न महाविद्यालयांच्या संख्येमुळे नव्हे.

आणि हेच श्रीनिवास पुढे ऑक्सफर्ड सोडून १९५१ च्या सुमारास आले ते बडोद्याला! महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले होते. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. या विद्यापीठाने कोणाला संलग्न करून घ्यायचे नाही, सगळे शिक्षण एकाच शहरात, स्वतःच द्यायचे असे ठरवले. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, नाव झाले मुंबईत, पण १९५० मध्ये तेही बडोद्याच्या नव्या ललित कला विद्याशाखेत शिकवायला गेले. मुंबईचे जे. जे. स्कूल त्या वेळी जवळपास शंभर वर्षांचे होते. तरी पुढची काही दशके भारतीय चित्रकलेत बडोद्याच्या मुलांचा दबदबा राहिला.

१९४९ हे साल मुंबई विद्यापीठाच्या दृष्टीने वाटणीचे साल होते. बडोदे गेले, गुजरात गेले, कर्नाटक गेले आणि पुणेही गेले. सिंध त्याआधीच गेला होता. पुण्याच्या विद्यापीठासाठी १९४२ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती; तेच पहिले कुलगुरू झाले. गणेशखिंडीतला गव्हर्नरसाहेबांचा बंगला आणि चारशेहून अधिक एकरांची जागा मिळाली. जागा पाहून कोणालाही वाटावे, की इथे ढाक्यासारखे किंवा बडोद्यासारखे काहीतरी होणार. विभाग निघाले, चांगले निघाले. पण जळगावपासून कोल्हापूरपर्यंत बारा जिल्ह्यांची महाविद्यालयेही त्याच्याच गळ्यात पडली. तेव्हा ती होती अठरा, विद्यार्थी आठ हजारांच्या वर. आज हा आकडा एखाद्या मोठ्या संस्थेच्या दोन-तीन महाविद्यालयांतच भरेल. दुसरा मार्गही नव्हता. त्या अठरा महाविद्यालयांतल्या मुलांच्या परीक्षा कोणीतरी घ्यायलाच हव्या होत्या.

तिथून पुढे महाराष्ट्रात विद्यापीठे निघाली ती मोठ्यातून लहान काढत. १९५८ साली मराठवाडा, १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी, १९८३ साली अमरावती, १९९० साली जळगाव, १९९४ साली नांदेड, २००४ साली सोलापूर, २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना. गोव्यातली महाविद्यालयेही मुक्तीनंतर मुंबईलाच जोडलेली होती, १९८५ मध्ये त्यांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले. शेतीच्या वाटण्या होतात तशा या वाटण्या झाल्या, बांध घालून. वाटणीनंतर प्रत्येक तुकड्यात जुनीच पद्धत चालू राहिली. लहान विद्यापीठ म्हणजे सॅडलरसाहेबांच्या मनातले, स्वतः शिकवणारे विद्यापीठ. ते आपल्याला फारसे मिळालेच नाही. आपल्याला मिळाले ते मोठ्या विद्यापीठाचे लहान कार्यक्षेत्र.

माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात झाली, म्हणून उदाहरणही तिथलेच देतो. सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० सालचे. तिथल्या पहिल्या मुलांना पदवी मिळाली मुंबई विद्यापीठाची. १९४९ नंतर पुणे विद्यापीठाची. १९६२ नंतर शिवाजी विद्यापीठाची. २००४ नंतर सोलापूर विद्यापीठाची, आणि २०१९ पासून त्या विद्यापीठाचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. इमारतीची वीट न हलता कागदावरचे नाव पाच प्रकारचे. मुंबईची पदवी घेतलेल्या आजोबांचा रुबाब आणि सोलापूरची पदवी घेतलेल्या नातवाचा संकोच, दोन्ही त्याच बाकांवरून उठलेले!

सोलापूर ते कोल्हापूर हे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचे. शिवाजी विद्यापीठाच्या काळात आम्ही पेपर तपासायला किंवा अभ्यासमंडळाच्या बैठकीला रात्रीच्या एसटीने निघत असू. पहाटे कोल्हापूरला उतरायचे, दिवसभर काम, पुन्हा रात्रीची गाडी. आम्हाला भत्ता तरी मिळे. विद्यार्थ्याला एखाद्या दाखल्यासाठी जायचे तर दोन दिवसांचा रोजगार बुडे. २००४ साली केगावच्या पदव्युत्तर केंद्राचे विद्यापीठ झाले आणि हे अंतर शहर बसच्या तिकिटावर आले. राज्यात एकाच जिल्ह्याचे असे ते पहिले विद्यापीठ. 'एका जिल्ह्याचे कसले विद्यापीठ' असे तेव्हा खुद्द सोलापुरातही लोक म्हणत होते. मी अभ्यासमंडळाच्या बैठकीला दुपारी जाऊन संध्याकाळच्या चहाला घरी आलो, तेव्हा मला मात्र त्याचा अर्थ कळला.

गडचिरोलीचा हिशेब तर याहून मोठा. सिरोंच्याच्या मुलाला नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून लांब. गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर ते अंतर निम्म्यावर आले, तरी गडचिरोलीही त्याला जवळ नाहीच. मुंबई-पुण्यात बसून 'विद्यापीठांचे तुकडे केले' म्हणणाऱ्यांनी ही एसटी एकदा करून पाहावी.

लहान विद्यापीठाच्या अडचणी मी झाकणार नाही. परीक्षक लांबचा राहत नाही. तोच शिक्षक शिकवतो, त्याचाच मित्र पेपर काढतो, तिसरा मेहुण्याच्या संस्थेत प्राचार्य असतो. संस्थाचालकांचा हात अधिसभेपर्यंत सहज पोहोचतो. एखाद्या विषयाला विभागात मंजूर जागा चार आणि भरलेली एक, असे वर्षानुवर्षे चालते. ढाक्याला साठ शिक्षक होते ८७७ मुलांना. शिक्षकच नसतील तर विद्यापीठ लहान असण्याचा फायदा कोणाला? आणि मोठ्याच्या अडचणी मुंबईने २०१७ साली दाखवल्या. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे अचानक ठरले. लाखोंच्या संख्येने असलेल्या उत्तरपत्रिकांचे निकाल महिनोन्महिने अडकले, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. सातशेहून अधिक महाविद्यालयांच्या परीक्षा एका जागेवरून घेताना एक चाक रुतले की सगळी गाडी थांबते.

त्यानंतर दोनच वर्षांनी एक घटना घडली, तिची बातमी फार मोठी झाली नाही. २०१९ साली मुंबईतली चार जुनी सरकारी महाविद्यालये एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ सुरू झाले. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सिडनहॅम, सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आणि चौथे एल्फिन्स्टन. तेच, रानडे-भांडारकरांचे. जे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाच्याही आधीचे, ज्याच्या जोरावर त्या विद्यापीठाने आपली पहिली पदवी दिली, ते दीडशेहून अधिक वर्षांनी मोठ्या घरातून उठून चार खोल्यांच्या नव्या घरात राहायला गेले. आता तिथल्या मुलांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव नाही. राजाबाई टॉवर मात्र तिथून चालत काही मिनिटांवरच आहे.

माझ्याकडे सल्ला विचारायला आलेल्या दोन मुलींची गोष्ट सांगून थांबतो. दोघी माझ्याच वर्गातल्या, २०१२ साली इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या. पहिलीला १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर काम करायचे होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना जानेवारी १९३१ मध्ये फाशी झाली, तो प्रसंग सोलापुरात घरोघरी सांगतात. पण त्याचे सरकारी कागद सोलापुरात नाहीत. गृह खात्याच्या फायली मुंबईच्या पुराभिलेखागारात, आणि ते होते एल्फिन्स्टनच्याच इमारतीत. मी तिला मुंबईला जा म्हणालो. तिने विद्यापीठ निवडले ते कागदांसाठी, आणि दोन वर्षे डोंबिवलीच्या आत्याकडे राहून लोकलने ये-जा केली.

दुसरीची आई विड्या वळायची. घरातून बाहेर राहण्याचा खर्च झेपणार नव्हता, आणि आईचे डोळे अधू झाले होते. ती केगावला गेली. वर्गात मुले थोडी, त्यामुळे तिचे प्रत्येक टिपण शिक्षक वाचून परत देत. तिने पूर्वभागातल्या तेलुगू विणकर कुटुंबांच्या तोंडी आठवणी जमवल्या. त्यासाठी लागणारे दफ्तर तिच्या गल्लीतच बसलेले होते, आणि तेलुगू तिला शेजारपाजारामुळे येतच होती.

दोघींनी एम.ए. केले, दोघी नेट उत्तीर्ण झाल्या. सहायक प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात येते तेव्हा दोघी मला फोन करतात. अर्जात विद्यापीठाच्या नावाचा रकाना असतो, गुणांच्या टक्क्यांचा असतो, प्रवर्गाचा असतो. गेल्या वेळी एका महाविद्यालयात जागा एक होती आणि दोघींनी अर्ज केला होता. सध्या पहिली ठाण्याकडे तासिका तत्त्वावर शिकवते, दुसरी अक्कलकोटकडे, तीही तासिका तत्त्वावरच.